दसऱ्याआधी पोचलेले पैसे

आईचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं, की पुढच्या वर्षापासून तिच्या तिथीला पंगत घालायची नाही, तेवढे पैसे कुणाच्या तरी कामाला द्यायचे. हे ठरायला पाच मिनिटं लागली. कुणाला द्यायचे हे ठरायला मात्र तीन वर्षं गेली. पितृपक्ष आला की, आणि पुन्हा मार्च उजाडला की, ओळखीचे बरेच जण विचारतात, ‘एखादी छोटी, खात्रीची संस्था सांग ना.’ मी नाव सांगायचं टाळते. उसन्या खात्रीवर दिलेलं दान फार तर एखादं वर्ष टिकतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

पहिल्या वर्षी आम्ही एका फोटोवर विसंबलो. व्हॉट्सॲपवर आलेला, अनवाणी मुलांचा, प्रत्येकाच्या हातात रिकामी ताटली. खाली खाते क्रमांक होता. त्याच संध्याकाळी पैसे गेले. पावती मागितली तर ‘येईल’ म्हणाले, ती आली नाही. महिन्याभरात आणखी पैशांसाठी फोन सुरू झाले, दर वेळी बोलणारी व्यक्ती वेगळी. आपण फसलो असं मी म्हणणार नाही, कारण त्या पैशांचं काय झालं हे मला आजही माहीत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. दुसऱ्या वर्षी आम्ही घाबरून एका मोठ्या, नावाजलेल्या संस्थेला दिले. पावती लगेच आली, वर्षअखेरीस गुळगुळीत कागदावरचा अहवालही आला. त्यात गैर काहीच नव्हतं. पण आमच्या पैशांवाचून तिथे काही अडलं असतं असं अहवाल वाचून वाटलं नाही, आणि आम्ही तिथे जाऊन काही विचारावं अशी सोयही नव्हती.

तिसऱ्या वर्षी धाकटा भाऊ म्हणाला, ‘आधी जाऊन येऊ, मग देऊ.’ त्याच्या कचेरीतल्या एकाचं गाव बीड जिल्ह्यात. तिथे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणारं एक छोटं वसतिगृह त्याला माहीत होतं. आम्ही एसटीने गेलो.

ऊसतोडीचं वर्ष आपल्या वर्षासारखं नसतं. दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, त्या जोडीने मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर राहावं लागतं. परत येणं पाडव्याच्या आसपास. घरी आजी-आजोबा धडधाकट असले तर मुलं गावात राहतात, नसले तर फडावर जातात. म्हणजे शाळेचं निम्मं वर्ष गेलं. हे वसतिगृह त्या सहा महिन्यांपुरतं भरतं. बाकीच्या काळात तिथे थोडीच मुलं असतात.

संस्था चालवणाऱ्या सरांनी आम्हाला चहा दिला आणि न मागता किर्दीची वही पुढे केली. शेजारी धान्याचं रजिस्टर होतं. कुणी ज्वारीची किती पोती दिली, कुणी तेलाचा डबा दिला, तारखेसकट. मी पानं उलटत होते आणि मला एक गोष्ट खटकली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खर्चाची बाजू भरगच्च होती आणि जमेची जवळपास कोरी. जमा सगळी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात.

‘सर, हे असं का?’

‘ताई, देणारे मार्चमध्ये देतात. त्यांचा आयकराचा हिशोब तेव्हा असतो. आमची पोरं तोवर घरी जायच्या बेतात असतात. मधले महिने किराणावाला सांभाळून घेतो.’

किराणावाला सांभाळून घेतो, म्हणजे उधारी वाढते, आणि उधारीचा माल रोखीच्या मालापेक्षा महाग पडतो. आमच्यासारखे देणारे मार्चमध्ये जे पाठवत होते त्यातला काही भाग दर वर्षी या उशिराची भरपाई करण्यात जात होता. देणाऱ्यांपैकी कुणाचीही यात वाईट बुद्धी नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच. पितृपक्ष भाद्रपदात, दसऱ्याच्या अगदी तोंडावर येतो. आईची तिथी या कामाच्या वेळापत्रकात इतकी चपखल बसेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. तेव्हापासून आमचे पैसे ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघायच्या आत पोचतात.

छोट्या संस्थेला दान देण्याचा खरा फायदा मला इथे दिसला. तिच्या कामाचं वर्ष तुम्हाला कळू शकतं, आणि ते कळलं की तेवढ्याच पैशांचं मोल वाढतं. आदिवासी पाड्यावरच्या दवाखान्याला पावसाळ्याआधी औषधांचा साठा लागतो. अभ्यासिकेला जूनमध्ये पुस्तकं लागतात, डिसेंबरमध्ये नाही. हे संकेतस्थळावर लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं.

अर्थात विचारण्याआधी कागद पाहायला हवेत. महाराष्ट्रात ही सोय चांगली आहे आणि आपण ती फारशी वापरत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली प्रत्येक संस्था धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला जबाबदार असते. तिचा नोंदणी क्रमांक बहुधा ‘ई’ किंवा ‘एफ’ या अक्षराने सुरू होतो. तो सांगायला जी संस्था आढेवेढे घेते तिथे पुढे जाऊच नये. दर वर्षी तिला हिशोब तपासून घ्यावे लागतात, परिशिष्ट आठमध्ये ताळेबंद आणि परिशिष्ट नऊमध्ये उत्पन्न-खर्च मांडावा लागतो. ही दोन पानं मागावीत. चार्टर्ड अकाउंटंट नसलेल्या माणसालाही त्यातून बरंच कळतं. पगार कुणाला आणि किती, विश्वस्तांपैकी कुणाची जागा संस्थेने भाड्याने घेतली आहे का, देणी किती, बँकेत पडून किती. विश्वस्तांची यादीही पाहावी. सगळी आडनावं एकच असतील तर थेट विचारावं. कधीकधी उत्तर समाधानकारक असतं, कारण खेड्यात असं काम सुरुवातीला घरचीच माणसं उचलून धरतात. पण दहा-पंधरा वर्षांनंतरही बाहेरचा एकही माणूस आत आला नसेल तर मला ते बरं लक्षण वाटत नाही. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. तो भांडणामुळे अडकलेला असेल तर संस्थेत काय चाललं आहे याचा अंदाज येतो.

मुलांसाठी काम करणारी संस्था असेल तर आणखी काळजी घ्यावी. बालगृह असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली त्याची नोंदणी लागते आणि तिथली मुलं बालकल्याण समितीच्या आदेशाने आलेली असावी लागतात. आईवडील स्वतः ठेवून जातात ते वसतिगृह वेगळं, आणि ‘अनाथाश्रम’ अशी पाटी लावून कुठूनही मुलं गोळा करणं वेगळं. याच कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख पटेल असे फोटो छापायला बंदी आहे. आमच्या पहिल्या वर्षीच्या त्या फोटोकडे आता मी वेगळ्या नजरेने पाहते. त्यातल्या मुलांचे चेहरे स्वच्छ दिसत होते. तेवढ्यावरूनच मी थांबायला हवं होतं.

८०जीचं प्रमाणपत्र बहुतेक जण सगळ्यात आधी मागतात. ते असावं, पण त्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. आयकर खात्याने संस्थेला सवलतीसाठी मान्यता दिली, एवढंच ते सांगतं. काम चांगलं आहे असं ते सांगत नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेला देणगीदारांची यादी खात्याकडे भरावी लागते आणि तुम्हाला १०बीई नावाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते वेळेवर आलं तर कार्यालयात कुणीतरी नेटाने काम करतं आहे हे समजतं. दोन हजारांहून जास्त रोख दिली तर सवलत नाही. आणि जी नवी करपद्धत आता मूळ पद्धत म्हणून धरली जाते तिच्यात ही सवलत मुळातच मिळत नाही. मला यात एक चांगली बाजू दिसते. ज्यांना सवलत मिळणारच नाही त्यांनी मार्चची वाट बघायचं काही कारण उरलेलं नाही. एक सावधगिरीचं सांगते. पावती मोठ्या रकमेची देऊ आणि बाकीची रोख परत करू, असं कुणी सुचवलं तर तिथून उठून यावं.

इथवर बहुतेकांचं एकमत असतं. वाद पुढे सुरू होतो. कागद पाहिल्यावर देणारा विचारतो, ‘पगारावर किती जातं?’ आकडा मोठा दिसला की त्याचा चेहरा पडतो. ‘तुमचा शंभर टक्के पैसा मुलांपर्यंत’ असं कुणी छापलं की त्याला तीच संस्था प्रामाणिक वाटते.

मी बरोबर उलटं म्हणेन. त्या वसतिगृहात दोन मावशी पहाटे चारला उठून भाकऱ्या थापतात. एक तरुण मुलगा रात्री मुलांजवळ झोपतो, ताप आला तर मोटारसायकलवर घालून तालुक्याला नेतो. एक जण अर्धा दिवस येऊन हिशोब लिहितो. मुलांपर्यंत जे पोचतं ते या चौघांच्या हातांनी पोचतं. त्यांचा पगार कमी दाखवला तर कुणीतरी तो पदरमोड करून भरत असतो किंवा आज ना उद्या माणूस सोडून जातो. आपल्याला चोख हिशोब हवा असतो, पण हिशोब लिहिणाऱ्याचा पगार आपल्या पैशातून जायला नको असतो. हे न्याय्य नाही. आणि ही दृष्टी कायद्यातही उतरली आहे. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये बदलला तेव्हा प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली गेली. मोठी संस्था त्यातूनही मार्ग काढते. छोट्या संस्थेत प्रशासन आणि काम यांच्यातली रेघ कुठे मारायची हेच कळत नाही, कारण हिशोब लिहिणारा माणूसच संध्याकाळी गणित शिकवतो.

वाढदिवसाच्या जेवणाबद्दलही बोलायलाच हवं, कारण त्यामागे चांगली माणसं आहेत. मुलाचा वाढदिवस, आजोबांची पंचाहत्तरी, लग्नाचा वाढदिवस, असं निमित्त काढून लोक एक वेळचं गोड जेवण देतात. सरांनी सांगितलं, एका आठवड्यात तीन वेळा श्रीखंड झालं आणि त्याच महिन्यात वीजबिल थकलं. जेवणाआधी मुलांनी ओळीत उभं राहून आभाराचं गाणं म्हणावं अशीही काहींची अपेक्षा असते. माझ्या मुलीने कुणापुढे असं उभं राहिलेलं मला चाललं नसतं. ज्यांना प्रसंग साजरा करायचा आहे त्यांनी जरूर करावा, पण पैसे ‘संस्थेच्या गरजेप्रमाणे’ असं लिहून द्यावेत. ओळख पटेपर्यंत हवे तेवढे प्रश्न विचारावेत, आणि एकदा पटली की अट घालू नये.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. माझी थोरली बहीण डॉक्टर आहे. ती म्हणते, ‘तुम्ही भावनेने छोटी संस्था निवडता. तेच पैसे मोठ्या, सिद्ध झालेल्या कामात गेले तर जास्त जीव वाचतील.’ काही बाबतींत ती बरोबर आहे. भूकंप, महापूर अशा वेळी ज्यांच्याकडे गोदामं, गाड्या आणि प्रशिक्षित माणसं आहेत त्यांनाच द्यावं. पण सिद्ध झालेलं काम आधी कुठेतरी छोटं, असिद्ध असतंच. १९८६ हे एकच साल घ्या. त्या वर्षी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचं काम सुरू केलं. गावातल्या बायकांनाच शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची जी पद्धत तिथे उभी राहिली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे आशा कार्यकर्तींमार्फत ती देशभर गेली. त्याच १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, ते पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीवर. सिद्ध झाल्यावरच देऊ असं त्यांनी म्हटलं असतं तर? प्रत्येक छोटं वसतिगृह पुढे ‘सर्च’ होत नाही, हे मला माहीत आहे. बहुतेक छोटीच राहतील. पण सगळ्यांनी मोठ्यांनाच द्यायचं ठरवलं तर नवं काही उगवायला जागाच राहणार नाही.

आणि पैशांचा ओघ तसाही मोठ्यांकडेच वळलेला आहे. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं. तो पैसा येतो तो प्रकल्पाच्या आकारात, ठरावीक मुदतीचा, मोजता येईल अशा कामाला, आणि ज्यांच्याकडे अहवाल लिहिणारी माणसं आहेत त्यांना. परदेशातून येणारा पैसा पूर्वी मोठ्या संस्थांमार्फत थोडाफार छोट्यांपर्यंत झिरपत असे. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणंच बंद झालं. म्हणजे आडगावच्या संस्थेला आता आधार उरतो तो तुमच्या-माझ्यासारख्यांचा. परदेशातल्या मराठी मंडळींनी इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. भारतीय पारपत्र असेल तर तुमच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरतात, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असो वा नसो. संस्थेकडे परदेशी देणगीची परवानगी नसताना भावनेच्या भरात तिच्या खात्यावर पैसे टाकले तर ती अडचणीत येते. नागरिकत्व कोणतं, हे पैसे पाठवण्याआधी संस्थेला सांगून टाकावं.

थेंबाथेंबाने चालणारं काम आपल्याला नवं नाही. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव हिंडून वर्गणी मागत. त्याच संस्थेचा भाऊबीज फंड दिवाळीतली छोटी ओवाळणी गोळा करत आला. कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहांसाठी घरोघरी जात्यावर बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला निघायचं. यातला एकही देणारा मोठा नव्हता. पण मूठ रोजची होती, ओवाळणी दर दिवाळीची होती, आणि मागायला येणारी व्यक्ती ओळखीची होती. मला यातला ‘दर वर्षी’ हा शब्द सगळ्यात मोलाचा वाटतो. छोट्या संस्थेला एकदाच आलेल्या लाख रुपयांपेक्षा दहा वर्षं न चुकता येणाऱ्या दहा हजारांवर माणूस नेमता येतो.

हे सगळं सरकारचं काम नाही का, असं भाऊ परतीच्या एसटीत म्हणाला होता. आहेच. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहंही जाहीर झाली. ती पुरेशी झाली आणि नीट चालली तर आमच्या सरांना वसतिगृह बंद करायला आनंदच होईल, तसं ते स्वतः म्हणाले. म्हणून संस्था निवडताना मी आता एक प्रश्न जरूर विचारते. सरकारकडून जे मिळायला हवं ते मिळावं म्हणून तुम्ही काय करता? सर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे टोळीबरोबर गेलेल्या मुलांची यादी दर वर्षी नेऊन देतात. पण यंदा दुसरीत असलेली मुलगी योजना पुरी होईपर्यंत दुसरीत थांबू शकत नाही.

आणखी एक प्रश्न मी विचारते, आणि उत्तर कसं येतं त्यावर माझा बराच निर्णय ठरतो. यंदा काय जमलं नाही? काही जण गडबडतात, काही जण पुन्हा यशाची यादी वाचतात. सरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, की मोठ्या मुली त्यांना टिकवता येत नाहीत. तेरा-चौदा वर्षांची झाली की आई म्हणते, खोपीवर धाकट्याला कोण बघेल, भाकरी कोण करेल, आणि मग तिचं लग्नच लावून टाकतात. मुलींसाठी वेगळी खोली नव्हती, रात्री थांबायला बाई नव्हती. पुढची तीन वर्षं आमच्या पैशांतला मोठा भाग त्या बाईंच्या पगारात गेला. ही अट आम्ही घातली नव्हती, गरज त्यांनी सांगितली होती.

गेल्या भाद्रपदात पैसे पाठवले त्यानंतर दिवाळीच्या सुमारास सरांचं पत्र आलं. अजूनही ते पोस्टकार्डच लिहितात. नऊ मोठ्या मुली थांबल्या, दोन गेल्या. त्या दोघींपैकी एकीच्या वडिलांशी फोनवर बोलणं चालू आहे, उचल फिटली तर माघी पौर्णिमेनंतर पाठवतो म्हणाले आहेत. दुसरीचं लग्न ठरल्याचं ऐकलं, वय पंधरा, चाइल्डलाइनला १०९८ वर कळवलं आहे. किराण्याची उधारी यंदा नाही. खाली त्यांनी लिहिलं होतं, जमलं तर जानेवारीत येऊन जा, ताई, मुलींना तुमच्याशी बोलायचं आहे.

मी आणि थोरली बहीण, दोघी जाणार आहोत. ती तपासणीची पेटी बरोबर घेणार आहे.